जुनी डिझेल व्हॅन घेताना टायमिंग बेल्ट कसा तपासायचा

माझ्या व्हॅनच्या आधीच्या मालकाने दिलेल्या बिलावर ‘बेल्ट बदलला’ अशी ओळ होती. तारीख होती, किलोमीटर लिहिलेले होते, खाली शिक्काही होता. मी खूश. तिसऱ्या आठवड्यात एका चढावर इंजिन एकाएकी गप्प झालं. आवाज नाही, धूर नाही; डॅशबोर्डवर सगळे दिवे आणि हातात दगडासारखं जड झालेलं स्टेअरिंग. गाडी कशीबशी कडेला घेऊन सेल्फ मारला, तर इंजिन शिलाई मशीनसारखं हलकं, सर्रसर्र फिरलं. मला तेव्हा ते चांगलं लक्षण वाटलं होतं! टोचन लावून गाडी गॅरेजात नेली. मेकॅनिकने काही न विचारता वरचं कव्हर काढलं आणि तुटलेल्या बेल्टचं टोक ओढून माझ्यासमोर धरलं. बिलावरचा बेल्ट फॅन बेल्ट होता.

त्यानंतर मी आणखी दोन व्हॅन घेतल्या आणि ओळखीच्यांसाठी बऱ्याच बघितल्या. बेल्ट तपासायचा म्हणजे काय करायचं, हे त्यातून हळूहळू कळत गेलं. ते सगळं इथे क्रमाने लिहितो आहे.

आधी थोडं यंत्राबद्दल

टायमिंग बेल्ट म्हणजे आतल्या बाजूला दात असलेला रबरी पट्टा. खाली क्रँकशाफ्टचे (पिस्टनच्या हालचालीने फिरणाऱ्या दांड्याचे) दोन फेरे होतात तेव्हा वर कॅमशाफ्टचा (व्हॉल्व्ह म्हणजे झडपा उघडणाऱ्या दांड्याचा) बरोबर एक फेरा व्हावा लागतो. तो मेळ हा पट्टा सांभाळतो. बऱ्याच इंजिनांत तोच पट्टा डिझेलचा हाय प्रेशर पंप आणि वॉटर पंपही फिरवतो. क्रँक मिनिटाला ३,००० फेरे मारत असेल तर प्रत्येक पिस्टन सेकंदाला ५० वेळा वरच्या टोकाला येतो, आणि दर वेळी व्हॉल्व्ह त्याच्या वाटेतून वेळेवर दूर झालेले असावे लागतात. डिझेल इंजिन हवा साधारण १५ ते २२ पट दाबतं. म्हणजे पिस्टन वर आला की हेडखाली जागा जवळजवळ उरतच नाही. बेल्ट तुटला की कॅम जागीच थांबतो, क्रँक मात्र गाडीच्या वेगामुळे फिरत राहतो, आणि पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर जाऊन आदळतात. व्हॉल्व्ह वाकतात, रॉकर तुटतात, नशीब फारच फिरलं असेल तर पिस्टनही फुटतो. सेल्फ हलका फिरतो तो म्हणूनच: वाकलेले व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत, त्यामुळे कॉम्प्रेशन उरलेलंच नसतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टायमिंग बेल्ट नुसत्या डोळ्यांनी नापास करता येतो, पास करता येत नाही. हल्लीच्या बेल्टचं रबर उष्णतेला चांगलं टिकतं, पण ताकद असते ती रबराच्या पोटात असलेल्या काचतंतूंच्या दोऱ्यांमध्ये. ते दोरे आतल्या आत थकतात आणि वरून पट्टा काळाभोर, ठणठणीत दिसत राहतो. म्हणून कागदपत्रं हीच खरी तपासणी आणि बेल्ट बघणं त्यानंतरचं काम. मी हे उलट्या क्रमाने करायचो.

१. इंजिनात बेल्ट आहे की चेन, हे घरूनच बघून जा

व्हॅनच्या नावावरून हे कळत नाही, इंजिनाच्या प्रकारावरून कळतं. एकाच मॉडेलला वेगवेगळी इंजिनं असतात. फियाट डुकाटोच्या २.३ लिटर इंजिनाला बेल्ट आहे, ३.० लिटरला चेन. रेनो मास्टरचं जुनं २.५ डीसीआय बेल्टचं, नंतरचं २.३ डीसीआय चेनचं. टोयोटा हायएसच्या २.५ आणि ३.० लिटरच्या डी-फोर-डी इंजिनांत बेल्ट होता, नंतरच्या २.८ मध्ये चेन आली. फोर्ड ट्रान्झिटची २.२ आणि २.४ टीडीसीआय चेनवर चालतात, २.० इकोब्लू बेल्टवर, आणि तोही तेलात बुडालेल्या बेल्टवर (त्याबद्दल पुढे). मर्सिडीज स्प्रिंटरच्या डिझेल इंजिनांत बहुतेक चेनच. फोक्सवॅगन ट्रान्सपोर्टरच्या टी-फाइव्ह पिढीतल्या पाच सिलिंडरच्या २.५ टीडीआयमध्ये तर बेल्टही नाही आणि चेनही नाही, सगळे गियर.

काही इंजिनांत दोन बेल्ट असतात, आणि घोळ तिथेच होतो. मित्सुबिशीचं ४डी५६ हे जुनं २.५ लिटर इंजिन एल-३०० आणि डेलिका व्हॅनमध्ये होतं, त्याचीच आवृत्ती ह्युंदाईच्या जुन्या व्हॅनमध्येही होती. त्यात टायमिंग बेल्टच्या मागे बॅलन्स शाफ्टचा (इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या दांड्याचा) एक छोटा बेल्ट असतो. तो तुटला की त्याचे तुकडे मोठ्या बेल्टमध्ये अडकतात आणि मोठाही जातो. ट्रान्सपोर्टरच्या आधीच्या टी-फोर पिढीतल्या २.५ टीडीआयला पुढे एक बेल्ट आणि मागच्या टोकाला इंजेक्शन पंपाचा वेगळा बेल्ट. अशी गाडी असेल तर ‘बेल्ट बदलला’ हे उत्तर अर्धवट आहे. दोन्ही बदलले का, ते विचारा.

इंजिनाचा कोड नोंदणीच्या कागदावर, चेसिसच्या पाटीवर किंवा इंजिन ब्लॉकवर कोरलेला सापडतो. विकणाऱ्याकडून तो आधीच फोटोने मागवून घ्या. चेन निघाली तर हा लेख बहुतांशी तुमच्यासाठी नाही. थंड इंजिन सुरू करताना पहिले काही सेकंद खळखळाट होतो का, तेवढं ऐका आणि तेल वेळेवर बदललंय का ते बघा.

२. मुदत शोधा: किलोमीटरही, वर्षंही

कंपनीच्या पुस्तिकेत बेल्टच्या दोन मर्यादा असतात, अमुक किलोमीटर किंवा अमुक वर्षं, यांतलं जे आधी येईल ते. जुन्या इंजिनांत किलोमीटरचा आकडा १,००,००० च्याही खाली असू शकतो, नव्यांत २,००,००० च्या वर जातो. वर्षांची मर्यादा बहुधा ५ ते १० या दरम्यान. तुमच्या इंजिनाचा नेमका आकडा पुस्तिकेतूनच घ्या. शेजारच्याच्या व्हॅनचा आकडा तुमच्या व्हॅनला लागू होत नाही.

विकणारे किलोमीटर सांगतात, वर्षं सांगत नाहीत. बारा वर्षांत फक्त ६०,००० किलोमीटर चाललेली व्हॅन ऐकायला छान वाटते, पण तिचा पहिलाच बेल्ट अजून चालू असेल तर तो केव्हाच मुदतीबाहेर गेला आहे. गाडी उभी असतानाही रबर म्हातारं होतं, बेल्टला ताण देणाऱ्या पुलीच्या, म्हणजे टेन्शनरच्या, बेअरिंगमधलं ग्रीस सुकतं.

तिसरी गोष्ट पुस्तिकेत मोठ्या अक्षरात नसते: इंजिन किती तास चाललं. व्हॅन हे कामाचं वाहन आहे. माल उतरेपर्यंत इंजिन चालू, एसीसाठी इंजिन चालू, दर शंभर मीटरवर थांबा. हिशेब करून बघा. १,५०,००० किलोमीटर सरासरी ६० च्या वेगाने झाले असतील तर इंजिन २,५०० तास चाललं. तेच सरासरी २५ ने झाले असतील तर ६,००० तास. मीटरवर आकडा एकच, बेल्टचे फेरे मात्र किती वेगळे. शहरात वाटपाचं काम केलेली किंवा सतत धुळीत चाललेली गाडी असेल तर पुस्तिकेत ‘कठीण वापर’ असा वेगळा रकाना आहे का बघा आणि असेल तर त्यातला कमी आकडा धरा.

३. सोबत काय न्यायचं

कागदांपैकी नोंदणीचे कागद, सर्व्हिस बुक, बेल्टच्या कामाचं मूळ बिल आणि जमतील तितकी जुनी बिलं विकणाऱ्याने दाखवायला हवीत. पुस्तिका त्याच्याकडे नसेल तर तुम्ही तुमच्या इंजिनाची मुदत लिहून न्या.

अवजारं थोडीच लागतात:

– चांगली टॉर्च (मोबाइलची चालते, पण एक हात अडकतो)
– दांड्याचा छोटा आरसा
– ८ आणि १० मिलिमीटरचे सॉकेट, टॉर्क्स बिट्सचा छोटा संच
– पातळ हातमोजे आणि पांढरं फडकं. पांढरंच हवं, त्यावर तेल आहे की कूलंट ते कळतं
– ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारा), स्वस्तातला असला तरी चालेल
– मोबाइलला जोडायचा एंडोस्कोप कॅमेरा, कुणाकडून उसना मिळाला तर

४. कागद वाचा, नीट वाचा

बिलावर चार गोष्टी शोधा: तारीख, त्या वेळचे किलोमीटर, गाडीचा नंबर आणि सुट्या भागांची यादी. यादीत ‘टायमिंग बेल्ट किट’ किंवा बेल्ट, टेन्शनर आणि आयडलर पुली (बेल्टला वाट दाखवणारी) असं वेगवेगळं लिहिलेलं हवं. नुसतं ‘बेल्ट’ असेल तर माझी गोष्ट आठवा. अल्टरनेटर, एसी आणि पॉवर स्टेअरिंग फिरवणारा बाहेरचा बेल्ट, ज्याला आपण सवयीने फॅन बेल्ट म्हणतो, तो बदलणं थोड्या वेळाचं काम आहे. टायमिंग बेल्टचं काम अर्ध्या दिवसाचं, कधी पूर्ण दिवसाचं. मजुरीचा आकडा पाहिला तरी कोणतं काम झालं ते उमगतं. विकणारा दर वेळी खोटंच बोलत असतो असं नाही. माझ्या गाडीच्या मालकाला बहुधा स्वतःलाच फरक माहीत नव्हता.

यादीत वॉटर पंप आहे का तेही बघा, जर तुमच्या इंजिनात तो टायमिंग बेल्टवर चालत असेल तर. नवा बेल्ट जुन्या पंपावर चढवणं ही नेहमीची काटकसर. दोन वर्षांनी पंपाचं बेअरिंग बसतं आणि नव्या बेल्टला सोबत घेऊन जातं. टेन्शनर जुनाच ठेवला असेल तरीही तेच. असं बिल मी अर्धं काम धरतो.

मग सगळ्या बिलांवरचे किलोमीटर तारखेप्रमाणे लावून बघा. आकडा मध्येच मागे गेला असेल तर मीटर फिरवलेलं आहे आणि बेल्टचा सगळा हिशेब रद्द. सर्व्हिस बुकातला नुसता शिक्का पुरावा म्हणून मी धरत नाही. त्यावर काय केलं ते लिहिलेलं असेल आणि त्या गॅरेजला फोन करून खात्री होत असेल तरच.

काही टोयोटा डिझेल गाड्यांत डॅशबोर्डवर ‘टी-बेल्ट’ असा दिवा असतो. ठरावीक किलोमीटर झाले की तो लागतो. पण तो दिवा बेल्टकडे बघत नसतो, फक्त किलोमीटर मोजत असतो. बेल्ट न बदलता तो विझवता येतो. त्यामुळे दिवा विझलेला आहे याचा अर्थ कुणीतरी तो विझवला किंवा त्याची वेळ अजून आली नाही, इतकाच.

५. थंड इंजिनावर जा, बाहेरून बघा

जायच्या आधी फोनवर सांगा, ‘मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका.’ तरीही बॉनेट गरम लागलं तर का, ते विचारा.

बॉनेट उघडल्यावर पहिल्यांदा स्टिकर शोधा. चांगला मेकॅनिक बेल्ट बदलल्यावर तारीख आणि किलोमीटर लिहिलेला स्टिकर कव्हरवर किंवा बॉनेटच्या आत चिकटवतो. बिलाशी तो जुळतो का बघा.

मग बेल्टच्या कव्हरचे बोल्ट. वर्षानुवर्षं न उघडलेल्या बोल्टवर सगळीकडे सारखी धूळ आणि गंज असतो. उघडलेल्यांच्या डोक्यावर पान्याच्या चकाकत्या खुणा असतात. ‘गेल्याच महिन्यात बदलला’ असं सांगितलं आणि बोल्ट मात्र मातीने लिंपलेले असतील, तर संभाषण तिथेच थांबवायला हरकत नाही. एखादा बोल्ट गायब किंवा कव्हरचा कोपरा तुटलेला असेल, तर काम घाईत झालंय आणि त्या फटीतून खडी, पाणी आत जातंय.

आता टॉर्च घेऊन खाली. कव्हरच्या खालच्या टोकाला, क्रँकच्या पुलीमागे, ओलं तेल दिसतंय का? तिथलं ऑइल सील गळत असेल तर तेल थेट बेल्टवर जातं. तेलाने साधं रबर फुगतं, मऊ पडतं, दात सुटू लागतात. बेल्ट कालच बदललेला असला तरी. वॉटर पंपाखाली पांढरट, गुलाबी किंवा हिरवट सुकलेला थर दिसला तर कूलंट झिरपतंय, म्हणजे पंपाचं सील गेलंय. हाय प्रेशर पंपाजवळ डिझेलचा ओलावा असेल तर त्यानेही बेल्टचं तेच होतं. पांढरं फडकं फिरवा, वास घ्या.

फॅन बेल्टही बघून घ्या, आणि तो फिरवणारी क्रँकची पुलीही. या पुलीत रबराचा एक थर असतो. तो सुटला की पुली डुगडुगते. फॅन बेल्टच्या कडेचे धागे निघालेले असतील तर ते क्षुल्लक समजू नका. काही इंजिनांत त्याची सुटलेली दोरी क्रँकच्या पुलीमागून कव्हरच्या आत ओढली जाते आणि टायमिंग बेल्टवरच गुंडाळली जाते. असं एक इंजिन मी गॅरेजात पाहिलंय. टायमिंग बेल्ट जेमतेम सहा महिन्यांचा होता.

६. वरचं कव्हर उघडून बेल्ट बघा

यासाठी मालकाची परवानगी हवी. तो नको म्हणाला तर त्याच्याच पसंतीच्या मेकॅनिकसमोर उघडू असं सुचवा. तेही नको असेल तर बेल्ट कधी बदललाच नाही असं धरून पुढे चला.

इंजिन बंद, किल्ली तुमच्या खिशात. सैल बाह्या, गळ्यातलं, मनगटावरचं काही लोंबतं नको. कव्हर उघडं असताना कुणी सेल्फ मारणार नाही, हे सगळ्यांना मोठ्याने सांगा. बऱ्याच इंजिनांत वरचं कव्हर दोनतीन क्लिप किंवा बोल्टवर असतं. जिथे एअर फिल्टर, पाइप, इंजिनाचं माउंटिंग असं बरंच काही काढावं लागतं तिथे स्वतः हात घालू नका.

कव्हर निघालं की बेल्टचा हातभर तुकडा दिसतो. पाठीवर बारीक आडव्या भेगा, कडेचे धागे निघालेले, एका बाजूची रुंदी झिजलेली, दातांच्या मुळाशी चीर, तेलाची चकाकी, काचेसारखी गुळगुळीत झालेली पाठ: यांतलं एकही दिसलं तर बेल्ट बाद. कडा एकाच बाजूने झिजली असेल तर एखादी पुली तिरकी बसली आहे किंवा टेन्शनरचं बेअरिंग ढिलं आहे, नुसता पट्टा बदलून भागणार नाही. कव्हरच्या आत काळी भुकटी साचलेली असेल तर बेल्ट कुठेतरी घासतोय.

पाठीवरची छापील अक्षरंही वाचा. भाग क्रमांक असतो, बनवल्याचा कोडही कधी असतो. फोटो काढून ठेवा, बिलावरच्या क्रमांकाशी जुळवता येतो. अक्षरं स्वच्छ असणं हे बेल्ट फार जुना नसल्याचं लक्षण आहे, पण फक्त लक्षण.

अंगठ्याने दाबून किंवा बेल्ट पिळून ‘नव्वद अंश फिरला की ताण बरोबर’ म्हणणारे पुष्कळ भेटतील. ती कसोटी जुन्या, हाताने ताण लावायच्या इंजिनांची. हल्लीचा टेन्शनर स्प्रिंगचा किंवा तेलाच्या दाबाचा असतो, ताण आपोआप धरतो. त्यावर अंगठ्याने काही कळत नाही. काही टेन्शनरवर काटा आणि खाच असते. काटा खाचेत आहे का ते आरशाने बघा. बेल्ट दुमडू किंवा पिळू तर मुळीच नका, त्याने आतले दोरे तुटतात.

दिसलेला तुकडा चांगला म्हणजे सगळा बेल्ट चांगला, असंही नाही. तुटू पाहणारा दात नेमका खाली असू शकतो. सगळा बघायचा तर क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने, त्याच्या नेहमीच्या दिशेनेच, थोडं थोडं फिरवावं लागतं. उलटं फिरवलं तर काही इंजिनांत बेल्ट सैल पडून दात सोडतो. हे काम मेकॅनिकवर सोपवा. एंडोस्कोप असेल तर कव्हरच्या फटीतून खालचं सील आणि पंप बघता येतात, मला त्याचा खूप उपयोग झाला.

७. कव्हर लावा, मग इंजिन सुरू करा

थंड इंजिन पटकन सुरू होतं का? फार वेळ सेल्फ मारावा लागला, पांढरा धूर आला, इंजिन मिस मारत असेल तर कारणं अनेक असू शकतात: ग्लो प्लग, इंजेक्टर. पण बेल्टने एखादा दात सोडलेला असणं हेही त्यातलंच एक. स्कॅनर लावा. क्रँक आणि कॅम यांचा मेळ नसल्याचा पी००१६ हा कोड दिसला तर ती गाडी चालवून बघूच नका. आणि सगळे कोड नुकतेच पुसलेले दिसले, म्हणजे स्कॅनरवरच्या स्व-तपासण्या अपूर्ण दिसल्या, तर का पुसले ते विचारा.

मग कव्हरच्या बाजूला उभे राहून ऐका. एक्सिलेटर हळूच वाढवला की चढत जाणारा शिट्टीसारखा स्वर म्हणजे बेल्ट फार ताणलेला असू शकतो. कव्हरला आतून फटफट लागत असेल तर सैल. घरघर किंवा खरखर म्हणजे आयडलर, टेन्शनर किंवा वॉटर पंपाचं बेअरिंग. चिमणीसारखी चिवचिव मात्र बहुतेक वेळा बाहेरच्या फॅन बेल्टची असते, ती ऐकून घाबरू नका. आवाज कुठला हे ठरत नसेल तर मेकॅनिक फॅन बेल्ट काढून इंजिन काही सेकंद चालवून बघतो. आवाज गेला तर बाहेरचा, राहिला तर आतला. डिझेलच्या खडखडाटात हे ओळखायला कान तयार व्हावा लागतो. पहिल्या खेपेला मला सगळेच आवाज संशयास्पद वाटले होते.

८. बेल्ट तेलातला असेल तर

ट्रान्झिटच्या २.० इकोब्लूसारख्या इंजिनांत बेल्ट इंजिनाच्या तेलातच फिरतो. कव्हर काढून बघायची सोय नाही. इथे बेल्टची तब्येत तेलावर ठरते. चुकीच्या प्रतीचं तेल घातलं किंवा ते फार लांबवलं की बेल्टचं रबर झडू लागतं, तो चुरा तेलाच्या जाळीत अडकतो, तेलाचा दाब कमी होतो, आणि बेल्ट तुटण्याआधीच टर्बो आणि बेअरिंगं जाऊ शकतात.

म्हणून इथे तेलाची बिलं मागा: दर किती किलोमीटरला बदललं आणि कोणत्या प्रतीचं. पुस्तिकेत लिहिलेल्या तेलाचा नंबर आणि बिलावरचा नंबर अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. ‘चांगल्या कंपनीचं तेल घालतो’ हे उत्तर इथे निरुपयोगी. इंजिन गरम झाल्यावर संथ चालीत तेलाचा दिवा क्षणभर जरी लुकलुकला तरी सोडून द्या. अशा व्हॅनच्या तेलाच्या नोंदी नसतील तर मी ती घेत नाही, कितीही स्वस्त असो. साध्या बेल्टच्या गाडीत तेवढा कडकपणा मी करत नाही.

९. भाव करताना

गाडी बघायला जायच्या आधीच दोन गॅरेजांतून तुमच्या इंजिनाच्या पूर्ण कामाचा अंदाज घ्या: किट, वॉटर पंप, कूलंट आणि मजुरी. या खर्चात पट्ट्याचा वाटा लहानसाच असतो, मोठा वाटा मजुरीचा. पुरावा नसेल तर तो आकडा सरळ किमतीतून वजा करायला सांगा. भांडणाची गरज नाही. ‘तुम्ही बदललाच असेल, पण कागद नाही, म्हणून मला पुन्हा बदलावा लागणार’, एवढं म्हणायचं. बहुतेक जण यावर वाद घालत नाहीत.

कामाची मुदत संपायला थोडेच किलोमीटर उरलेले असतील तर तेही भावात आणा. पुष्कळ गाड्या विकायला निघतात त्या मोठ्या कामाच्या तोंडावरच.

‘घरी घेऊन जा, मग सावकाश बदला’ हा सल्ला मात्र मानू नका. अनोळखी बेल्टवर लांबचा प्रवास करण्यापेक्षा गाडी तिथेच जवळच्या गॅरेजात लावा किंवा दुसऱ्या गाडीवर चढवून आणा. ढकलून किंवा गियरमध्ये ओढून सुरू करायचा प्रकार तर जुन्या बेल्टवर अजिबात नको. अचानक बसणाऱ्या त्या हिसक्यात बेल्ट दात सोडू शकतो.

१०. बदलून घेताना

पूर्ण किट टाका: बेल्ट, टेन्शनर, आयडलर, आणि पंप त्याच बेल्टवर असेल तर तोही. पुस्तिकेत ज्या बोल्टांना ‘एकदाच वापरा’ असं लिहिलंय ते नवे घ्या. ते ताणून बसवलेले असतात, दुसऱ्यांदा धरत नाहीत. क्रँक आणि कॅमची सीलं जरा जरी ओलसर असतील तर तीही याच वेळी बदला, नंतर त्यांच्यासाठी सगळं पुन्हा उघडावं लागेल.

मेकॅनिकला एकच प्रश्न विचारा: या इंजिनाची लॉकिंग पिनं आहेत का? क्रँक आणि कॅम जागी धरून ठेवणारी ही अवजारं प्रत्येक इंजिनाची वेगळी असतात. ‘व्हाइटनरने खूण करून बसवतो’ असं उत्तर आलं तर दुसरं गॅरेज शोधा. खूण जुन्या जागेची असते, आणि बेल्टने आधीच एक दात सोडलेला असेल तर तीच चूक नव्या बेल्टवरही कायम राहते. बेल्ट बसवल्यावर सेल्फ मारायच्या आधी क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचा आणि पिनं पुन्हा बसतात का बघायचं. कुठे अडलं तर जोर लावायचा नाही. हे होत असताना शक्य असेल तर तिथे हजर राहा.

जुना बेल्ट आणि जुना टेन्शनर मागून घ्या. बिलावर भागांचे क्रमांक आणि किलोमीटर लिहून घ्या, कव्हरवर स्टिकर लावायला सांगा. आणि बिलावर ‘टायमिंग’ हा शब्द लिहिलाय ना, ते काउंटर सोडायच्या आधी बघा.